जांभा येतो, ‘अकाउंट फॉर’ येत नाही

“आदरणीय बाई,
मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्स इंग्रजीतून कशीबशी काढली आणि आता बेळगावात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. जिऑलॉजी आवडीनं घेतलं. शब्द जड जातात म्हणून 400 शब्दांची वही केली, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. सगळी पाठ आहे. तरी इंटर्नलला दहापैकी दोन मार्क पडले. प्रश्न होता, ‘अकाउंट फॉर द फॉर्मेशन ऑफ लॅटेराइट’. लॅटेराइट म्हणजे जांभा, म्हणून मी तो कुठं सापडतो, त्याचा रंग, त्याचे उपयोग असं दोन पानं लिहिलं होतं. वर्गात बाकीच्या मुली इंग्रजी माध्यमाच्या, विचारायची लाज वाटते. बाबा बोअरच्या गाडीवर कामाला आहेत. ते म्हणतात, ‘दगुड वळकायला इंग्लिश कशाला लागतंय गं?’ पण स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी भरायलाही तयार झालेत. क्लास लावू की विषयच बदलू? त्यात घराबाहेर पडलं की कन्नड. तीन भाषांचा डोक्यात काला झालाय.
– एक विद्यार्थिनी”

विषय बदलू नकोस. क्लासही लावू नकोस, निदान ह्या कारणासाठी नको. स्पोकन इंग्लिशच्या क्लासात तुला हॉटेलात चहा मागायला आणि मुलाखतीत स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतील. ते वाईट नाही, पण ‘बसॉल्ट ओव्हरलाइज सँडस्टोन’ हे वाक्य तिथं कुणी बोलणार नाही. ते पैसे बाबांकडेच राहू देत. त्यांच्याकडून दुसरं काही मागायचं आहे, ते पुढे सांगते.

आधी ते दोन मार्क. तुला जांभा येत होता, ‘अकाउंट फॉर’ येत नव्हतं. ‘अकाउंट’ म्हटलं की आपल्याला बँकेचं पासबुक आठवतं, नाहीतर हिशेब. मग जांभ्याचा सगळा जमाखर्च मांडावा असं वाटतं, आणि तू तो मांडलास. पण प्रश्नपत्रिकेत ‘अकाउंट फॉर’ म्हणजे ‘हे असं का झालं ते कारणांसकट सांग’. कारण सोडून बाकी सगळं लिहिलंस, म्हणून तपासणाऱ्याचाही नाइलाज झाला असेल. असे पाच-सात शब्द परीक्षेच्या दाराशीच उभे असतात. ‘डिस्क्राइब’ म्हणजे कसं दिसतं ते सांग. ‘एक्सप्लेन’मध्ये कसं घडतं ते हवं. ‘डिस्टिंग्विश’ला दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून फरक दाखवावा लागतो, आधी एकीवर पान आणि मग दुसरीवर पान लिहिलं तर चालत नाही. ‘कॉमेंट ऑन’ला थोडं स्वतःचं मत लागतं. तुझ्या 400 शब्दांत ह्यातला एक तरी होता का? नसणारच. आपण वही करतो ती विषयाच्या शब्दांची, प्रश्नाच्या शब्दांची कुणी करत नाही.

आणि बघ, उत्तर तुझ्या गावातच होतं. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात पडला की टणक होतो, हे तुमच्याकडच्या कुठल्याही गवंड्याला माहीत आहे. फ्रान्सिस ब्यूकॅनन नावाच्या स्कॉटिश वैद्याने नेमकं हेच मलबारात अंगाडिपुरमजवळ पाहिलं, आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात ह्या दगडाला लॅटेराइट असं नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. ‘नंतर’च्या ‘लेटर’शी त्याचा काही संबंध नाही, एकदा एका विद्यार्थ्याने ‘नंतर तयार होतो तो लॅटेराइट’ असं मला लिहून दिलं होतं. आता कन्नडकडे बघ. तिथं जांभ्याला जंबिट्टिगे म्हणतात, आणि त्यातलं इट्टिगे म्हणजे वीटच. त्या साहेबाला जे दिसलं ते कन्नड माणसालाही दिसलं. मराठी माणसाला मात्र त्यात जांभळाचा रंग दिसला. तीन भाषांचा काला झालाय म्हणतेस, पण हा एक शब्द तरी तीन भाषांमुळे तू जन्मात विसरणार नाहीस.

राहिलं कारण. उष्ण हवा, धो धो पाऊस, मग कोरडा उन्हाळा, हे चक्र लाखो वर्षं फिरत राहिलं की पाणी खडकातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं धुऊन नेतं. मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात. हे धुऊन नेणं म्हणजे ‘लीचिंग’. उच्चार जळूच्या ‘लीच’सारखाच, स्पेलिंग वेगळं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या रानातून चालून आलेल्या मुलीला हे लक्षात ठेवायला वेगळी युक्ती नको: जळू रक्त ओढते, पाणी सिलिका ओढतं. स्पेलिंग मात्र सांभाळ, एकात दोन ‘ई’ आहेत आणि दुसऱ्यात ‘ई-ए’. नाहीतर खडकाला जळवा लागल्या असं लिहून बसशील.

आता तुझ्या वहीबद्दल. न बघता सांगते, तिच्यात बसॉल्ट, ग्रॅनाइट, नाइस, शिस्ट, मॅग्मा, असे शब्द असतील. म्हणजे सगळी नामं. (त्या नाइसचं स्पेलिंग ‘जी’ने सुरू होतं आणि तो ‘जी’ मुका असतो, हे तुला वर्गात कुणी सांगितलं असेल तर ठीक, नसेल तर आता कळलं.) ह्या विषयातली नामं हा सर्वांत सोपा भाग. ती एकदा कळली की बदलत नाहीत, आणि त्यातली कितीतरी आपल्याच अंगणातून गेलेली आहेत. डेक्कन म्हणजे दख्खन. धारवाडचं नाव तर जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. गोकाकचा धबधबा 52 मीटर खाली कोसळतो तो ज्या वालुकाश्मावरून, तो कलादगी खोऱ्यातला, आणि कलादगी हे शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव. घाट, कंकर, मुरूम हे शब्द इंग्रजी अहवालांत जसेच्या तसे सापडतात. रॉबर्ट ब्रूस फूट हा भूशास्त्रज्ञ आपल्या भागात फिरला आणि 1876 साली त्याचा जो मोठा अहवाल निघाला, त्यात त्याने ह्या मुलखाला ‘साउथ मराठा कंट्री’ म्हटलं आहे. तेव्हा हे परक्यांचं शास्त्र आणि आपण त्यात चोरपावलांनी शिरतोय, असं मनात आणू नकोस. दगड आपले, अर्धी नावं आपली.

अवघड जातात ते सोपे दिसणारे शब्द, जे आपल्याला येतात असं वाटतं म्हणून कोशात बघायचे राहून जातात.

मी स्वतः ह्यात तोंडावर पडले आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सर भराभर सांगत होते, मी वहीत मनातल्या मनात मराठी करत लिहीत होते. ‘स्ट्राइक ऑफ द बेड्स’ आलं. स्ट्राइक म्हणजे संप, हे रोजच्या पेपरात वाचलेलं. बेड म्हणजे अंथरूण. मी लिहिलं, ‘थरांचा संप’. अंथरुणाला तेवढा थर केला एवढंच माझं शहाणपण. वही सरांच्या हाती लागली. त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मी पुढचे पंधरा दिवस शेवटच्या बाकावर बसले.

ते मला कुणी कौलारू छपरावरून सांगितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. तुमच्या घराचं छप्पर डोळ्यांपुढे आण. पागोळी ज्या बाजूला उतरते ती ‘डिप’ची दिशा, आणि छप्पर जितकं कललेलं तितके ‘डिप’चे अंश. वरचं आढं सरळ आडवं जातं, ती ‘स्ट्राइक’ची दिशा. दोन्ही एकमेकांना काटकोनात. खडकाचा कललेला थर म्हणजे असंच एक छप्पर. ह्यांचे मराठी पारिभाषिक शब्द कोशात बघशील तर ते इंग्रजीपेक्षा जड वाटतील. तिथं थांबू नकोस, छपरावर परत ये.

असे आणखी सांगते. ‘फॉल्ट’ म्हणजे दोष नाही, प्रस्तरभंग. खडक तुटून त्याच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकलेल्या असतात. नुसता तडा गेला आणि सरकलं काहीच नाही, तर तो ‘जॉइंट’. म्हणजे आपण ज्याला सांधा म्हणतो तो इथं चिरा पडलेल्या जागी असतो, उलटाच कारभार. ‘रिलीफ’ म्हणजे दिलासा नव्हे, जमिनीचा उठाव, उंचसखलपणा. ‘होरायझन’ क्षितिजावर नसतं, मातीच्या उभ्या छेदातला एक थर असतं. नदीचा ‘लोड’ म्हणजे ती वाहून नेते तो गाळ. ‘कंट्री रॉक’ ह्यात देशाभिमान नाही. लाव्हारसासारखं काही आत घुसलं तर आजूबाजूचा जो आधीचा खडक, तो कंट्री रॉक. ‘वॉटर टेबल’ला पाय नसतात, ती भूजलाची पातळी. आणि ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणजे दख्खनचा सापळा नाही. स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याच्या थरांनी डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला, म्हणून ट्रॅप. निपाणीकडून कोल्हापूरला जाताना बसच्या खिडकीतून बघ.

वहीचं एक पान ह्या वेषांतर केलेल्या शब्दांसाठी ठेव. त्यापुढे मराठी अर्थ लिहू नकोस, चित्र काढ.

दोन शब्द मात्र चित्रानेही सुटत नाहीत, आणि तिथं इंग्रजी माध्यमाच्या मुलीही हमखास घसरतात: ‘वेदरिंग’ आणि ‘इरोजन’. दोन्हीला आपण ‘झीज’ म्हणून मोकळे होतो. पण वेदरिंग म्हणजे खडक जागच्या जागी कुजणं, सुटणं, विदारण. इरोजनमध्ये ते सुटलेलं उचलून नेलं जातं. ह्यासाठी मलप्रभा धर. कणकुंबीला उगम, खानापुरावरून पुढे सौंदत्तीकडे. डोंगरावर कातळाचा मुरूम होतो, ते वेदरिंग. पावसाळ्यात तुमच्या पुलाखालून तांबडं पाणी जातं, ते इरोजन आणि ‘ट्रान्सपोर्टेशन’. आणि तो गाळ नवीलुतीर्थाच्या धरणात जाऊन बसतो, ते ‘डिपॉझिशन’. चार शब्द, एक नदी. परीक्षेत तिचं नाव घेऊन उदाहरण दिलंस तर कुणी मार्क कापत नाही.

मग क्रियापदं. ॲव्हेरिल कॉक्सहेड ह्या न्यूझीलंडच्या भाषाभ्यासक बाईंनी 2000 साली वेगवेगळ्या विद्याशाखांतलं सुमारे 35 लाख शब्दांचं लेखन चाळून 570 शब्दकुळांची (एका मूळ शब्दापासून निघालेले शब्द मिळून एक कुळ) एक यादी केली. कुठलाही शास्त्रीय विषय घ्या, मजकुरात दर दहा शब्दांमागे साधारण एक ह्या यादीतला निघतो. गंमत अशी की त्यात दगडांची नावं नाहीत. ‘कन्सिस्ट’, ‘डिराइव्ह’, ‘अक्युम्युलेट’, ‘सबसिक्वेंट’, ‘ऑकर’ असे शब्द आहेत, सगळ्या विषयांना लागणारे, म्हणून कुठल्याच विषयाचे मास्तर न शिकवणारे. यादी इंटरनेटवर फुकट मिळते. ती पाठ करू नकोस, पाठांतराचं काय होतं ते तू पाहिलंयस. आपल्या पाठ्यपुस्तकाचं एक पान घे, त्यातलं कोणतं क्रियापद ह्या यादीत आहे ते शोध आणि त्याच्या पुढेमागे काय येतं ते बघ. कारण गोची तिथंच असते. ‘कन्सिस्ट्स ऑफ’ असतं. ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ असं काही नसतं. ‘इज कंपोज्ड ऑफ’ मात्र असतं. ‘कॉम्प्राइजेस’नंतर ‘ऑफ’ लावायचं नसतं, जरी आपल्याकडचे सरकारी अहवाल सर्रास लावत असले तरी. आणि ‘रिझल्ट्स इन’ व ‘रिझल्ट्स फ्रॉम’ ह्यांत कार्यकारण उलटं होतं. लीचिंग रिझल्ट्स इन लॅटेराइट. लॅटेराइट रिझल्ट्स फ्रॉम लीचिंग. एवढ्या एका ‘इन’ने जांभ्यामुळे पाऊस पडतो असं लिहून जाशील.

आता बाबांकडून काय मागायचं ते.

त्यांना विचार, परवाच्या बोअरला काय काय लागलं? ते सांगतील: एवढे फूट माती, मग मुरूम, मग केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप) कुठवर टाकलं, मग काळा कातळ, मध्येच तांबडं, भोकाभोकाचा दगड लागला तिथं पाणी, पुढे परत कातळ. बाहेर येणाऱ्या भुकटीच्या रंगावरून आणि हातोड्याच्या आवाजावरून ते हे ओळखतात. इंग्रजीत ह्याला ‘लॉग’ म्हणतात. हाही वेषांतर केलेला शब्द, लाकडाचा ओंडका नाही. खोलीप्रमाणे लिहिलेली खडकांची नोंद. तुझे बाबा वर्षानुवर्षं लॉग सांगत आलेत, फक्त लिहिला नाही कुणी.

तू लिही. आधी त्यांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत, जसं बोलतील तसं. शेजारी इंग्रजी, पण सुटा शब्द लिहायचा नाही, पूर्ण वाक्य लिहायचं. ‘द सॉइल इज अंडरलेन बाय मुरूम.’ मातीच्या खाली मुरूम आहे, एवढंच. ‘अंडरलेन बाय’ म्हणजे खाली अमुक आहे, ‘ओव्हरलाइज’ म्हणजे अमुकच्या वर आहे. ह्या दोन शब्दांवर अर्धं भूशास्त्र उभं आहे आणि ते तुला इंग्रजी पेपर वाचून कधीच भेटणार नाहीत. मुरूम म्हणजे ‘वेदर्ड बसॉल्ट’. भोकाभोकाचा म्हणजे ‘व्हेसिक्युलर’. लाव्ह्यातला वायू निघून गेला आणि पोकळी राहिली. त्या पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरल्या की ‘ॲमिग्डलॉइडल’. हा शब्द बघून घाबरशील, पण ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बदामासारखा. दगडात बदाम बसवल्यासारखे दिसतात, म्हणून. पाणी ज्या थरात साठतं आणि खेळतं तो ‘ॲक्विफर’: ‘ॲक्वा’ पाणी, ‘फर’ वाहून नेणारा, आणि तो ‘फर’ आपल्या संस्कृत ‘भर’चा सख्खा चुलतभाऊ आहे. ‘इग्नियस’मधला ‘इग्निस’ आणि अग्नी हेही तसेच. ‘सेडिमेंट’ म्हणजे गाळ, अवसाद. त्याचा धातू आणि अवसादातला ‘सद्’ एकच, खाली बसणं. अशी नाती दिसली की मजा येते, पण त्या नादात प्रत्येक शब्दाची संस्कृतशी सोयरीक जुळवत बसू नकोस. आपल्याकडे ती खोड फार.

आठवड्याला एक बोअर पुरे. बाबा कधी हुक्केरीत असतील, कधी गोकाककडे. दगड बदलत जाईल तसे शब्द आपोआप बदलतील. गोकाकच्या बाजूला वालुकाश्म लागला तर ‘ग्रेन्स’, ‘सॉर्टिंग’, ‘सिमेंट’ येतील. (सिमेंट म्हणजे पोत्यातलं नव्हे, वाळूचे कण जोडून ठेवणारं नैसर्गिक द्रव्य. बघ, आणखी एक वेषांतर.)

अडलं तर मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचा भूशास्त्र परिभाषा कोश, दोन्ही मोबाइलवर उघडतात. विश्वकोशात आधी मराठीत समजून घ्यायचं आणि मग इंग्रजी पुस्तकाचं तेच पान वाचायचं, ह्या क्रमाने. उलट केलंस तर दोन्हींतलं काहीच कळत नाही, हा माझा तीस वर्षं शिकवण्यातला अनुभव. कन्नड शब्द कानावर पडला तर तोही त्याच ओळीत लिही. हुक्केरी-गोकाककडे बाबांना शेतकऱ्यांशी कन्नडमध्येच बोलावं लागत असणार, तेव्हा तोही त्यांनाच विचार.

वर्गातल्या त्या मुलींबद्दल एकच सांगते. पुढच्या प्रॅक्टिकलला टेबलावर व्हेसिक्युलर बसॉल्टचा तुकडा येईल. त्यांना त्याचं नाव येईल. त्याच्यातून पाणी कसं लागतं हे तुला येईल. एखादीला ते सांग आणि बदल्यात तिच्याकडून तुझ्या उत्तराचं इंग्रजी तपासून घे. लाजेचं काय करायचं ते मला विचारशील तर ठाऊक नाही, मीही पंधरा दिवस मागच्या बाकावरच होते.

पुढच्या पत्रात मला एक बोअर पाठव. वरपासून पाणी लागेपर्यंत, आठ-दहा ओळी, इंग्रजीत. चुका असल्या तरी पाठव. प्रत्येक थराची जाडी फुटांत आणि भुकटीचा रंग लिही. आणि खाली तेच सगळं बाबांच्या शब्दांत, त्यांची परवानगी घेऊन.